बोटांचे ठसे घेऊन मुलांची ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ शोधणाऱ्यांपासून सावध राहा

आकडा आधी सांगते: अशाच एका सेंटरला आम्ही दिले ७२,५०० रुपये. तपासणीचे १८,५०० आणि ‘थेरपी पॅकेज’चे ५४,०००, म्हणजे ३६ सेशन, प्रत्येकी १,५००.

मुलगा चौथीत आहे. वाचताना ओळ सुटते, जोडाक्षरांना अडतो, वर्गात एका जागी बसत नाही. शाळेने ‘असेसमेंट करून आणा’ एवढंच डायरीत लिहून पाठवलं, कुठे करायचं ते नाही. त्याच सुमारास कोथरूडच्या आमच्या सोसायटीत एका सेंटरचं मोफत शिबिर लागलं. पुढे काय होतं ते वेगळं सांगायला नको.

सेंटरवर दहाही बोटांचे ठसे घेतले, डोक्याला वायरी लावून ‘ब्रेन मॅपिंग’ केलं आणि तासाभरात रंगीत आलेखांचा जाडजूड रिपोर्ट दिला: डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता), दोन्ही. वाचता येत नाही म्हणून ज्याला नेलं, त्याला कुणी एक परिच्छेदसुद्धा वाचायला दिला नाही! मी पिशवीत त्याच्या वह्या घेऊन बसले होते, त्या कुणी उघडल्या नाहीत. तेव्हाच उठायला हवं होतं. पण समोरची बाई ठासून सांगत होती, ‘मम्मी, आता उशीर केलात तर दहावीला सवलत नाही मिळणार. आमचं सर्टिफिकेट बोर्डात चालतं.’ पोराच्या दहावीचं नाव काढल्यावर कोणती आई उठून जाईल?

ते सर्टिफिकेट चालत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, पण लेखनिक, जादा वेळ यांसाठी दाखला सरकारने त्यासाठी नेमलेल्या रुग्णालयाचा लागतो. पुण्यात ससूनला चौकशी करा. यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन, फुकट भरता येतो.

ठशांवरून यातलं काहीही कळत नाही. बुद्ध्यांक चाचणी आणि वाचन, लेखन, गणिताच्या चाचण्या व्हायलाच हव्यात. एडीएचडी म्हणताना घरी आणि शाळेत, दोन्हीकडे मूल कसं वागतं हे विचारावंच लागतं. शिक्षकांसाठी फॉर्म दिला नाही तर तिथून निघा. आमच्या रिपोर्टवर सही कुणाची, तर ‘माइंड कोच’! क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, वेबसाइटवर तपासा.

पैसे परत मागितले तर पावती पुढे केली: ‘समुपदेशन व प्रशिक्षण शुल्क, परतावा नाही.’ तपासणी हा शब्दच नाही. चौकीत म्हणाले, ‘तुम्ही स्वखुशीने दिलेत, हे सिव्हिल मॅटर आहे.’ लेखी अर्ज घ्यायलाही टाळाटाळ. आरोग्य खात्यात गेले तर ‘हे हॉस्पिटल नाही, आमच्याकडे येत नाही’. शिक्षण खात्यात ‘ही शाळा नाही’. मग लहान मुलांच्या मेंदूचे रिपोर्ट वाटणारी ही दुकानं येतात तरी कुणाकडे? पोलिसांकडे नाही, डॉक्टरांकडे नाही, शिक्षणाधिकाऱ्यांकडे नाही. पाटी लावायला कुणाची परवानगी लागत नाही आणि तक्रार करायला मात्र प्रत्येक टेबलावर नवा कागद!

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंत तिथे फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही नोंद करा. आणि रोख देऊ नका. ५४,००० पैकी २०,००० आम्ही रोख दिले, ‘पावती नंतर देतो’ म्हणाले, ती आजतागायत मिळालेली नाही.