फिश टँकचं ऑटो टॉप-अप किट घेणार असाल तर आधी डबा उघडून मागा

ज्यांच्याकडं प्लांटेड (पाणवनस्पतींचा) नाहीतर मरीन (खाऱ्या पाण्याचा) टँक आहे त्यांनी हे वाचाच, बाकीच्यांनी पण वाचा कारण विषय पाणी आणि करंटचा आहे. ऑटो टॉप-अप म्हणजे टँकमधलं उडालेलं पाणी आपोआप भरून काढणारं किट.

माझा टँक तीन बाय दीड बाय दीड फुटाचा, १९० लिटरच्या आसपास, खाली सम्प, म्हणजे टँकला जोडलेली खालची छोटी टाकी. उन्हाळ्यात बेळगावात पाणी रोज उडतंय आणि उडतंय ते नुसतं पाणी, क्षार सगळे मागंच राहतात, मग टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, चढत जातोय, म्हणून वरून आरओचंच पाणी घालत बसायला लागतं. खरं तर हे वायरिंग घरी करता येतं. सम्पमध्ये फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होणारा स्विच, पाणी उतरलं की तो रिलेला, म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर पंप चालू-बंद करणाऱ्या स्विचला, सांगणार, रिले १२ व्होल्टचा पंप चालू करणार, कॅनमधलं पाणी सम्पमध्ये, संपला विषय. पण सामान गोळा करालतो तेवढ्यात एकाचा व्हिडिओ आला, घरी बनवलेलं तयार किट, ३२०० रुपये.

नाव लिहीत नाही. सीमेपलीकडं महाराष्ट्रातला माणूस, बोलायला एकदम गोड. बेळगावचा आहे म्हटल्यावर लगेच "अहो सीमाभागातली माणसं म्हणजे आपलीच, तुम्हाला कुरिअर फ्री". आता आपल्याकडं असं कोण बोललं की माणूस विरघळतोच की! डबल सेफ्टी, दोन फ्लोट (एक अडकला तर वरचा दुसरा पंप बंद करणार), सगळं १२ व्होल्टवर, आयएसआय अडॅप्टर आतच बसवलाय असं सांगितला. बिल मागितलो तर "घरगुती काम आहे दादा, बिल कुठलं". डबा आला तो सगळीकडनं अरल्डाइटनं चिकटवून बंद. का, तर म्हणे लोक डिझाइन कॉपी करत्यात.

पहिले काही आठवडे झकास चाललं, हिरवा लाइट लागतोय, पाणी बरोबर रेघेवर. मग एका पहाटे आई ओरडली, हॉलभर पाणी, २० लिटरचा कॅन अख्खा रिकामा, पंप कोरडा घुरघुरालाय, सम्प भरून वाहालाय आणि शोकेसचं प्लाय फुगायला लागलेलं. दुसरा फ्लोट वर तरंगालाय आणि पंप तरी चालूच!

आमच्या ओळखीचा गोकाकचा वायरमन आहे, त्याला बोलावलो, तो हॅक्सॉनं डबा कापला आणि बघतच राहिला, "एन सर इदू!" (हे काय सर!) आत रिलेच नाही. २३० व्होल्टची फेज वायर सरळ फ्लोट स्विचमधनं पंपाला. अडॅप्टर होता, पण तो फक्त हिरवा लाइट पेटवायला. दुसऱ्या फ्लोटच्या दोन्ही वायरी डब्यात येऊन तिथंच कापलेल्या, कशालाच जोडलेल्या नाहीत, डबल सेफ्टी ही! पंपावरचं "१२ व्होल्ट"चं स्टिकर नखानं काढलो तर खाली कंपनीचं खरं, २३० व्होल्ट, १८ वॅट.

आता ते का अडकलं. ह्या छोट्या प्लास्टिकच्या फ्लोटमध्ये रीड स्विच असतोय, काचेच्या नळीत दोन बारीक पात्या, फ्लोटमधलं लोहचुंबक जवळ आलं की चिकटायच्या आणि लांब गेलं की सुटायच्या. असले फ्लोट बहुतेक १० वॅटचे असत्यात. त्यावर १८ वॅटची मोटर घातली की प्रत्येक वेळी ठिणगी पडत्या, आणि कधीतरी पात्या वेल्ड होऊन बसत्यात, मग फ्लोट वर असो खाली असो, पंप चालूच. म्हणून तर व्हिडिओत मस्त चालताना दिसतंय, लगेच बिघडत नाही ना. आणि ती वायर सम्पच्या पाण्यात असत्या, त्यात रोज माझा हात. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच, नसेल तर टँकला हात लावायच्या आधी तो बसवून घ्या, किटचं नंतर बघू.

अजून एक, त्याच्या चित्रात कॅन सम्पपेक्षा उंच स्टुलावर आणि पाइपचं टोक पाण्यात बुडवलेलं होतं. असं केलं की पंप बंद झाला तरी सायफननं पाणी येतच राहणार. टोक कॅनमधल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर, हवेत ठेवायचं, इतकं साधं पण त्याला माहीत नाही आणि तो किट विकालाय.

कोणाकडनंही किट घेताना स्क्रूचा डबा मागा, अरल्डाइटचा नको. वरचा फ्लोट हातानं उचलून बघा, पंप थांबलाच पाहिजे. वायरमनकडनं फ्लोटच्या वायरीवर मीटर लावून घ्या, १२ च्या वर दिसलं तर परत द्या. आणि अडॅप्टरवर बीआयएसचा आर- नं सुरू होणारा नंबर असतोय, बीआयएस केअर ॲपवर टाकला की खरा-खोटा कळतंय. माझ्या अडॅप्टरवर तो नंबरच नव्हता.

त्याला फोन केलो तर आधी "तुम्ही जास्त बुडवला असणार", मग आवाज बदलला, "तुम्ही कर्नाटकात, मी महाराष्ट्रात, केस कुठं घालणार?" आणि ब्लॉक. आपली माणसं म्हणणारा हाच बरं का. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येत्या, विकणारा कुठल्या का राज्यात असेना, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील पण लागत नाही. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, चॅट आणि व्हिडिओचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवलोय, पुढचे कागद इथं बेळगावातच घालणार.

त्याचा व्हिडिओ अजून चालू आहे, फक्त डबा पांढऱ्याचा निळा झालाय. माझा कापलेला डबा तसाच ठेवलोय, टिळकवाडीकडं कुणाला बघायला यायचं असेल तर मेसेज करा, संध्याकाळी सातनंतर घरी असतोय.