एपीए, एमएलए, शिकागो की व्हँकूव्हर? यादीआधी वाक्य पाहा

इंग्रजीत शोधनिबंध लिहिताना संदर्भपद्धतीचा, म्हणजे मजकुरात आणि शेवटच्या यादीत स्रोत कसा नोंदवायचा याच्या नियमांचा, विचार बहुतेक जण शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. मजकूर होऊ दे, यादी सॉफ्टवेअर लावून देईल, असा हिशेब असतो. यादी सॉफ्टवेअर लावतंही. पण पद्धत बदलली की वाक्याचा कर्ता बदलतो, क्रियापदाचा काळ बदलतो, वाचकाला आधी काय दिसतं ते बदलतं. हे काम कुठलंच सॉफ्टवेअर करत नाही, म्हणून निवड पहिल्या पानाआधी व्हायला हवी. नियतकालिकाने किंवा विभागाने पद्धत ठरवून दिली असेल, तर ती पाळायची. निवड ज्यांच्या हातात आहे, त्यांच्यासाठी एपीए, एमएलए, शिकागो आणि व्हँकूव्हर या प्रचलित पद्धतींची ही तुलना.

उदाहरणापुरतं धरू, की 'क्ष' या संशोधकाने २०१८ साली लिहिलं की कमी झोपेमुळे आठवण्याची क्षमता घटते. ही एकच गोष्ट चार ठिकाणी अशी उतरते:

एपीए: क्ष (२०१८) फाउंड दॅट शॉर्ट स्लीप इम्पेअर्ड रिकॉल.
एमएलए: क्ष आर्ग्यूज दॅट शॉर्ट स्लीप इम्पेअर्स रिकॉल (४२).
व्हँकूव्हर किंवा आयईईई: शॉर्ट स्लीप इम्पेअर्स रिकॉल [७].
शिकागो, तळटीप पद्धत: शॉर्ट स्लीप इम्पेअर्स रिकॉल.⁷

एपीएत वर्ष नावाला चिकटून येतं, कारण ही मानसशास्त्रातून आलेली पद्धत. १९२९ साली ती एका सात पानी लेखाच्या रूपात सुरू झाली. जिथे दहा वर्षांत निष्कर्ष उलटू शकतो, तिथे 'कधी' हा प्रश्न 'कोण' इतकाच मोठा. म्हणून आधीच्या संशोधनाबद्दल लिहिताना भूतकाळ, 'फाउंड', किंवा पूर्ण वर्तमान, 'हॅव शोन'. ऑक्टोबर २०१९मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीने तीन किंवा जास्त लेखक असतील तर पहिल्याच उल्लेखापासून 'एट अल.' ('आणि इतर') वापरायला सांगितलं, आणि वाक्यं बरीच हलकी झाली. स्वतःच्या कामाबद्दल बोलताना ही पद्धत 'आय' किंवा 'वी' लिहायला सांगते. 'द प्रेझेंट रिसर्चर' असं स्वतःलाच परकं करून लिहिणारे अजून भेटतात. त्याची मुळीच गरज नाही.

एमएलएत वर्ष वाक्यातून गायब, पान मात्र हजर. साहित्याचा अभ्यासक संहितेशी बोलत असतो आणि संहिता कायम वर्तमानात बोलते. म्हणून 'आर्ग्यूज', 'सजेस्ट्स', 'नोट्स'. कंसात नाव आणि पान यांच्यामध्ये स्वल्पविरामही नसतो. कविता किंवा कादंबरीवर लिहिणार असाल तर दुसरीकडे बघू नका. प्रयोगाचे निकाल मांडणार असाल तर मात्र हा पोशाख अंगावर बसणार नाही.

आकड्यांच्या पद्धतीत लेखकच नाहीसा होतो आणि विधान एकटं उभं राहतं. व्हँकूव्हर हे नाव १९७८ साली त्या शहरात जमलेल्या वैद्यकीय संपादकांच्या गटावरून पडलं. आयईईई ही अभियंत्यांची पद्धत. दोन्हींत संदर्भांना मजकुरात येतील त्या क्रमाने आकडे मिळतात. आयईईईत तर चौकटी कंस नामासारखाही चालतो: 'ॲज शोन इन [७]'. एका वाक्यामागे दहा संदर्भ उभे करायचे असतील तर याहून आटोपशीर काही नाही. पण संशोधन जुनं की ताजं, हे यादीपर्यंत गेल्याशिवाय कळत नाही, आणि हा तोटा मला मोठा वाटतो. शिवाय इथे 'इट हॅज बीन शोन दॅट' लिहायची सवय फार. आकडा तेच सांगतोय. ते पाच शब्द काढले तरी वाक्य तसंच उभं राहतं.

१९०६पासून छापली जाणारी शिकागो पद्धत खरं तर दोन पद्धतींची जोडी आहे: एक तळटिपांची, दुसरी लेखक-वर्षाची. दफ्तरखान्यातली पत्रं, हस्तलिखितं, एकमेकांशी न जुळणाऱ्या साक्षी अशा सामग्रीवर काम असेल तर तळटीप घ्या. तिथे पुरावा कुठून आला, किती भरवशाचा, हे मोकळेपणाने लिहिता येतं. 'इबिड.', म्हणजे 'वरचाच संदर्भ', मात्र टाळा. २०१७च्या आवृत्तीपासून त्याऐवजी छोटा संदर्भच सुचवला जातो.

पद्धत कुठलीही घ्या, खरी कसोटी क्रियापदाची. 'शोज' लिहिलंत की त्या निष्कर्षाला तुमचीही संमती आली. 'सजेस्ट्स'मध्ये पुरावा त्या दिशेला झुकतो, इतकंच. 'आर्ग्यूज' म्हणजे मुद्देसूद बाजू मांडली आहे, तुम्ही अजून तटस्थ आहात. आणि 'क्लेम्स'मध्ये आपल्या 'म्हणे'ची छटा आहे: तो म्हणतो खरा, माझा विश्वास नाही. आदराने उल्लेख करायच्या संशोधकापुढे नकळत 'क्लेम्स' पडलेलं मी अनेक मसुद्यांत पाहिलं आहे. लिहिणाऱ्याला फक्त 'म्हणतो' म्हणायचं असतं. 'प्रूव्ह्ज' गणितासाठी राखून ठेवा.

सौम्य क्रियापद म्हणजे कमकुवत लेखन, असं मात्र समजू नका. २५ एप्रिल १९५३ला वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली, त्या निबंधाची सुरुवातच 'वी विश टू सजेस्ट' अशी आहे. विज्ञानातल्या एवढ्या मोठ्या घटनेला 'सजेस्ट' पुरलं. त्यात 'वी'सुद्धा आहे, हेही बघा. सावधपणा एकदाच दाखवायचा असतो. 'मे पॉसिब्ली सजेस्ट' म्हणजे 'कदाचित बहुधा असेल असं वाटतं'. मराठीत आपण असं लिहिणार नाही, मग इंग्रजीत कशाला?

संशोधनातली पोकळी दाखवतानाही दोन वाटा आहेत. 'लिटल इज नोन अबाउट' ऐकायला भारदस्त, पण एखाद्या परीक्षकाला तीन निबंध आठवले की तुमचं विधान पडलं. 'फ्यू स्टडीज हॅव एक्झामिन्ड' अमुक गट, अमुक काळ, असं नेमकं लिहिलेलं तपासता येतं आणि टिकतं. मी नेहमी दुसरंच निवडेन. फक्त 'फ्यू'च्या आधी चुकून 'अ' आला की अर्थ उलटतो. 'फ्यू स्टडीज' म्हणजे फारसे अभ्यास नाहीत, 'अ फ्यू स्टडीज' म्हणजे काही अभ्यास आहेत. मराठीत असं उपपद नाही, म्हणून ही चूक आपल्या नजरेतून सहज निसटते. पोकळी दाखवायला घेतलेलं वाक्य तीच पोकळी बुजवून टाकतं.

ब्रिटिश की अमेरिकी वर्णलेखन, यावर फार वेळ घालवू नका. नियतकालिकाचं जे असेल ते. एवढं मात्र ध्यानात ठेवा, की 'झेड' दिसला म्हणजे अमेरिकीच असं नाही. ऑक्सफर्डच्या परंपरेत 'ऑर्गनाइझ' झेडने लिहितात आणि 'ॲनलाइझ' मात्र एसने.

विषय दोन शाखांच्या सीमेवर असेल आणि निबंध कुठे जाणार हे ठरलं नसेल, तर मसुदा एपीएसारख्या लेखक-वर्ष पद्धतीत लिहा. त्यातून आकड्यांकडे जाताना नावं गाळली की बरंचसं काम होतं. उलट प्रवासात कोणी, कधी म्हटलं, हे प्रत्येक वाक्यात नव्याने गुंफावं लागतं. एमएलएकडे जायची थोडीही शक्यता असेल तर पहिल्या टिपणापासून पान क्रमांक लिहून ठेवा. एपीए शब्दशः उद्धृतालाच पान मागते, एमएलए आपल्या शब्दांत मांडलेल्या मुद्द्यालाही. पानं लिहून ठेवली नसतील तर वाचलेलं सगळं पुन्हा उघडून बसावं लागतं.