स्पेशल बीएड करावं की आपल्याच वर्गात शिकत जावं?

आमच्या स्टाफरूममध्ये हा विषय निघाला की दोन पार्ट्या पडतातच. स्पेशल बीएड म्हणजे अपंगत्व असलेल्या मुलांना शिकवण्याचं बीएड, दोन वर्षांचं, कोर्स आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) मान्यताप्राप्त हवा आणि नंतर तिथे रजिस्ट्रेशनही करावं लागतं, त्याशिवाय स्पेशल एज्युकेटर (विशेष शिक्षक) म्हणून काम करता येत नाही. फी, सुट्टी, घर, सगळं सांभाळून हे करायचं म्हणजे कसरतच. पण पाया पक्का होतो, २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व आहे, त्यातलं आपल्याला नीट ओळखता येतं किती? मला तर दोनचार सोडून काही कळत नव्हतं.

दुसरा रस्ता म्हणजे दीक्षा या सरकारी ॲपवरचे फुकट कोर्स करायचे आणि वर्गात करून बघायचं. मी हेच केलं. तिसरीत एक मुलगा होता, तोंडी सगळं फाडफाड सांगायचा पण वही कोरी, आणि मी आधी त्याला आळशी समजत होते (आता लाज वाटते). मग त्याची तोंडी परीक्षा घ्यायला लागले, फळ्यावर अक्षर मोठं, सूचना एकावेळी एकच, आणि गंमत म्हणजे बाकीच्या पोरांनाही ते सोपं गेलं.

पण ऑटिझमची मुलगी आली तेव्हा मात्र माझं घोडं अडलं, तिथे जुगाड चालत नाही, आठवड्यातून एकदा येणाऱ्या विशेष शिक्षिकेलाच विचारावं लागलं.

म्हणून नोकरी चालू असेल तर आधी वर्गातच शिका, पण याच कामात राहायचं असेल तर स्पेशल बीएडच करा बाई. मी फॉर्म भरतेय यंदा.