घराण्याचे दप्तर अभिलेखागारात सोपवताना
छत्रपती संभाजीनगरमधील ज्या अभिलेखागाराकडे आम्ही घराण्याचे दप्तर, म्हणजे जुनी कागदपत्रे, सोपवले, तेथील वर्गीकरणाचे काम मनापासून वाखाणण्यासारखे आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राजवटीत असल्यामुळे आमच्या रुमालांत, म्हणजे कागदांच्या कापडी गाठोड्यांत, मोडी लिपीतील खासगी पत्रे आणि फसली सनाच्या (महसुलासाठी वापरल्या जाणाऱ्या कालगणनेच्या) उर्दू महसुली पावत्या एकत्र बांधलेल्या होत्या. कर्मचाऱ्यांनी मूळ क्रम न मोडता त्यांची नोंद केली आणि फसली सनात साधारण 590 मिळवून येणारा इसवी सनही सूचीत दिला. आजीची घरखर्चाची टिपणे त्यांनी सनदांइतक्याच काळजीने आम्लविरहित कागदात ठेवली, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. वाचनकक्ष लहान आहे. मोडीचे जाणकार रोज उपलब्ध नसतात, त्यामुळे आधी विचारूनच जावे.