होवास की माल्कोविच? महिला संघासाठी कुणाची पद्धत धरावी

बास्केटबॉल संघ महिलांचा आहे, उंची बेताची आहे आणि हंगामभर एकच पद्धत धरून चालायचं आहे. अशा वेळी आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकलेल्या प्रशिक्षकांपैकी खरी निवड माझ्या मते दोघांतच उरते: जपानच्या महिला संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक टॉम होवास आणि सर्बियाला घडवणाऱ्या मरिना माल्कोविच. बाकीची नावं मोठीच आहेत, पण त्यांच्याकडून आपल्या संघात आणता येईल असं फारसं हाती लागत नाही.

लिडिया अलेक्सेयेव्हा यांचंच बघा. 1962 ते 1984 या काळात त्यांचा सोव्हिएत संघ अधिकृत स्पर्धेत हरलाच नाही. 1976 आणि 1980 ची ऑलिंपिक सुवर्णंही त्यांचीच. पण त्या सुवर्णांच्या वेळी बास्केटखाली जवळजवळ 7 फुटी उल्याना सेम्योनोवा उभी होती. अमेरिकेचा प्रश्न वेगळा. 1996 ते 2024 सलग 8 ऑलिंपिक सुवर्णं आणि त्यांत 7 वेगवेगळे प्रशिक्षक. व्हॅनडरव्हीर असोत, ऑरिएमा असोत की स्टेली, निकाल तोच. मग त्यातलं प्रशिक्षकाचं किती आणि निवडीचं किती, हे वेगळं काढायचं कसं? या सातांतल्या शेरिल रीव्ह यांचा 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमधला अंतिम सामना मात्र जरूर बघा. मध्यंतराला 25-25, तिसऱ्या क्वार्टरमध्ये फ्रान्स 10 गुणांनी पुढे. रीव्ह यांनी नावं न बघता त्या दिवशी चालत असलेल्या कॉपर आणि प्लम या राखीव खेळाडूंवर शेवटपर्यंत भरवसा ठेवला. अमेरिका 67-66 ने जिंकली, तीही गॅबी विल्यम्सच्या शेवटच्या शॉटच्या वेळी पाय रेषेवर पडल्यामुळे 3 ऐवजी 2 गुण मिळाले म्हणून.

आता होवास. 2017 चा आशिया कप ऑस्ट्रेलियाविरुद्ध 74-73, 2019 चा चीनविरुद्ध 71-68, आणि टोकियोत ऑलिंपिक रौप्य. तेही 1.93 मीटरची तोकाशिकी दुखापतीमुळे संघात नसताना. पद्धत अशी: पाचही जणी तीन गुणांच्या रेषेबाहेर, दोघींमध्ये साधारण 4 ते 5 मीटरचं अंतर, दोघी अगदी कोपऱ्यात. रिबाउंड (चुकून परतलेला शॉट) मिळाला की धाव, आणि शॉट क्लॉकच्या, म्हणजे शॉट टाकायला मिळणाऱ्या 24 सेकंदांच्या, पहिल्या 8-10 सेकंदांतच बास्केटच्या दिशेने एक ड्राइव्ह, म्हणजे चेंडू घेऊन मुसंडी. मदतीला डिफेंडर आत सरकली की चेंडू बाहेर, आणि बाहेरची खेळाडू पाय आधीच लावून तयार. मुलींना शिकवताना सगळा जोर या 'तयार'वर लागतो. पास छातीच्या उंचीवर, शॉट टाकणाऱ्या हाताच्या बाजूला आला पाहिजे. तो गुडघ्याशी आला की तो उचलण्यातच डिफेंडर परत पोचते. टोकियोच्या सेमीफायनलमध्ये फ्रान्सविरुद्ध जपानची गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ मांडणारी) रुई माचिदाने 18 असिस्ट, म्हणजे बास्केट मिळवून देणारे पास, दिले, तो ऑलिंपिक विक्रम. त्यातले पास नुसते कुठे पडतात तेवढं बघितलं तरी दोन सरावांचा मजकूर मिळतो.

बघायला याहून देखणं काही नाही, आणि आधी कलही तिकडेच होता. पण एक गोष्ट अशी खटकत राहिली की तिनेच माझा निर्णय फिरवला: पाचवी खेळाडू.

पाचांपैकी चौघी बाहेरून टाकतात, एक टाकत नाही. सर्वसाधारण संघात हे जवळजवळ ठरलेलंच असतं. समोरचा प्रशिक्षक पाच मिनिटांत ते ओळखतो आणि तिची डिफेंडर सरळ बास्केटसमोर आणून उभी करतो. आंतरराष्ट्रीय नियमांत बचाव करणाऱ्या खेळाडूला 3 सेकंदांचं बंधन नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये आहे, इथे नाही. म्हणजे ती तिथे हवा तेवढा वेळ उभी राहू शकते. मग ड्राइव्ह केला की समोर भिंत. चेंडू बाहेर काढला तर तो नेमका त्या पाचवीकडेच जातो, कारण मोकळी तीच. ती क्षणभर थबकते, एक ड्रिबल घेते, परत पास करते, तोवर 24 पैकी 6-7 सेकंद उरलेले असतात. तिला बास्केटच्या बाजूला, बेसलाइनजवळ उभी करा असा सल्ला मिळतो, पण मग तिची डिफेंडर ड्राइव्हच्या वाटेतच येते. तिला सतत स्क्रीन लावायला (डिफेंडरच्या वाटेत उभं राहून सोबतिणीला मोकळं करायला) पाठवणं त्यापेक्षा बरं, पण तेही अर्धवट औषध. होवास यांच्याकडे बाहेरून टाकणाऱ्या इतक्या जणी होत्या की हा प्रश्न क्वचितच उभा राहिला. क्वार्टरफायनलमध्ये बेल्जियमविरुद्धचा 86-85 चा विजय हायाशीच्या शेवटच्या सेकंदांतल्या थ्री-पॉइंटरवर आला. तो शॉट पडला नसता तर आज आपण ही पद्धत इतक्या उत्साहाने सांगितली असती का, कोण जाणे.

माल्कोविच यांची पद्धत म्हणजे चेंडूवर दबाव आणणारा बचाव, आणि तिच्यात पाचव्या खेळाडूला लपवावं लागत नाही. सर्बियाने 2015 ची युरोपीय स्पर्धा फ्रान्सला 76-68 ने हरवून जिंकली, रिओ ऑलिंपिकमध्ये 70-63 ने कांस्य घेतलं आणि 2021 ला पुन्हा फ्रान्सलाच 63-54 असं रोखून युरोपीय विजेतेपद मिळवलं. तो शेवटचा आकडा बघा. 63 गुणांत किताब. शॉट पडोत न पडोत, चेंडूवरचा दबाव रोज नेता येतो, आणि बाहेरून टाकता न येणारी पण पाय चालणारी मुलगी इथे पहिल्या पाचांत बसते.

आपल्या पातळीवर त्याची मांडणी अशी करावी. आपली बास्केट झाल्याबरोबर पहिली चेंडूवर, आणि तिचं एकच काम: चेंडू मध्यभागी येऊ न देता साइडलाइनकडे ढकलणं. चेंडू हाफ लाइन ओलांडून कोपऱ्यात आला की दुसरी येऊन ट्रॅप लावते, म्हणजे दोघी मिळून चेंडूवालीला कोंडतात. तिथे साइडलाइन आणि हाफ लाइन या दोन फुकटच्या डिफेंडर असतात. तिसरी आणि चौथी सगळ्यात जवळच्या दोन पासांच्या वाटेत, पाचवी बास्केटवर. बिघडतं ते बहुधा दोनच ठिकाणी. एक, ट्रॅपमधल्या दोघींच्या गुडघ्यांमध्ये फट राहते आणि त्यातून ड्रिबल निसटतं. दोन, पाय पोचायच्या आत हात पुढे जातो.

हा हात महाग पडतो, आणि या पद्धतीचा खरा तोटा इथे आहे. क्वार्टरमधल्या पाचव्या सांघिक फाऊलपासून दोन फ्री थ्रो. शिवाय समोरच्यांच्या मागच्या अर्ध्यात फाऊल केला की चेंडू हाफ लाइनपलीकडे न्यायचे 8 सेकंद त्यांना पुन्हा नव्याने मिळतात. चेंडू नुसता बाहेर टोलवला तर मात्र जुनीच मोजणी पुढे चालते. म्हणून सरावात पहिले काही दिवस डिफेंडरनी दोन्ही हातांनी स्वतःच्या जर्सीची कॉलर धरूनच पायांनी अडवायचं. हास्यास्पद दिसतं, पण फाऊल त्यानेच कमी होतात. सामन्यात तिसरा सांघिक फाऊल लागला की ट्रॅप बंद, हाफ कोर्टवर माघार. आणि 8-9 जणी खेळवता येत नसतील तर पूर्ण कोर्टभर दाबण्याचा नाद सोडावा. चार-पाच मिनिटं सलग दाबल्यावर पाय जड होतात, आणि जड पायांची जागा हातच घेतात.

कुणी आकडे मागितले तर माझ्याकडे नाहीत. मुलींचे संघ बघून झालेलं मत आहे. तुमच्याकडे माचिदासारखी नजर असलेली गार्ड आणि 6.75 मीटरवरून, म्हणजे तीन गुणांच्या रेषेबाहेरून, न कचरता टाकणाऱ्या चार-पाच जणी असतील, तर होवास यांच्याकडेच जा, मी अडवणार नाही. उंचीचं गणित मात्र त्यांच्याकडेही पूर्ण सुटलं नव्हतं: टोकियोच्या अंतिम सामन्यात अमेरिकेच्या ग्राइनरने एकटीने 30 गुण केले आणि जपान 90-75 ने हरलं. बाकीच्यांनी माल्कोविच यांच्यापासून सुरुवात करावी आणि होवास यांच्याकडून एकच गोष्ट उसनी घ्यावी. चेंडू हिसकावल्यावर दोघींनी लेअपसाठी (बास्केटजवळच्या सोप्या शॉटसाठी) मधूनच न धावता थेट दोन कोपऱ्यांत पळायचं. धावत परतणारा बचाव आधी बास्केट झाकतो, त्यामुळे तेवढ्या दोन सेकंदांत कोपरा रिकामा मिळतो. आणि कोपऱ्यातून तीन गुणांचं अंतर 6.60 मीटर असतं, समोरच्यापेक्षा थोडं कमी. एरवी बाहेरून न टाकणाऱ्या मुलीलाही सराव करायला तीच जागा द्यावी.