जुना कॅमेरा: एक्सचेंजला द्यायचा की स्वतः विकायचा?

बॅग हलकी करायचीये तर एक्सचेंज सगळ्यात सोपं, बॉडी लेन्स सगळं एकदम काउंटरवर ठेवायचं, ते तपासतात आणि ठरलेली रक्कम नव्या कॅमेऱ्यातून वजा, विषय संपला. पण भाव कमीच मिळतो, कारण त्यांनाही पुढे नफा ठेवून विकायचंय. स्वतः विकलं तर जास्त पैसे हातात येतात, फक्त घासाघीस, "लास्ट किती?" वाले मेसेज आणि येतो सांगून न येणारी माणसं सहन करायची तयारी हवी.

माझं स्पष्ट मत, बॉडी एक्सचेंजला द्या, लेन्स स्वतः विका. नवं मॉडेल आलं की जुन्या बॉडीचा भाव पडतोच, शिवाय प्रत्येक जण शटर काउंट, म्हणजे कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढलेत तो आकडा, विचारतो, निकॉन डी७५० चं शटर १,५०,००० क्लिकपर्यंत टेस्ट केलेलं, आकडा त्याच्या आसपास गेला की गिऱ्हाईक बिचकतं. चांगली लेन्स मात्र वर्षानुवर्षं भाव धरून राहते. फक्त आधी मागून टॉर्च मारून आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, फोटोसकट सरळ सांगून टाका. आणि ५० एमएम एफ/१.८ ही छोटी लेन्स असेल तर ती राहू द्या हो, वजन नाही आणि पैसेही फार येत नाहीत.