अंगठी घालूनच हात धुवावेत की काढून?

घालूनच धुतले तर हरवायची भीती नाही. साध्या सोन्याच्या वळ्याला साबणाने फारसं काही होतही नाही. खड्याची गोष्ट वेगळी. हिऱ्याला तेलकटपणा पटकन चिकटतो; त्याच्या मागच्या बाजूला साबणाचा थर साचला की चमक गेलीच. शिवाय अंगठीखाली ओल राहून कातडी खाजते, ते निराळंच.

काढून धुतले तर हे सगळं टळतं, पण बेसिनच्या कडेवर ठेवलेली अंगठी मोरीत गेलीच म्हणून समजा! त्यापेक्षा झाकणाची डबी बरी. मोती आणि पाचू मात्र काढाच. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलने मोत्याची झळाळी उतरते, पाचूच्या भेगांत मुरवलेलं तेलही कमी होतं. हिरा रोज घालायचाच असेल, तर अधूनमधून कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे.